आरशासारखं तळं

ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, आमच्या अभयारण्याचे व्यवस्थापक होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना बेडकांचा पुळका आला. मी इथे एकोणीस वर्षं राखणदार आहे. मला विचारायचं सोडून त्यांनी तळ्याच्या कडेचा चिखल उपसला, गवत उपटलं आणि चारही बाजूंनी निळ्या टाइल्सची वीतभर उभी भिंत बांधली.

"आता कसं दिसतंय? आरसा!"

"दाजी, पिल्लांची शेपटी जाऊन पाय फुटले की त्यांना बाहेर यावं लागतं. उतार नसला तर दमून बुडतील."

"बेडूक बुडतो?" चष्मा घसरेपर्यंत हसले. "उद्या मासा बुडतो म्हणशील!" मग हाच विनोद कारकुनाला दोनदा ऐकवला. कारकूनही मेला दोन्ही वेळा हसला.

पालथ्या घड्यावर पाणी! मी पाण्यात फळी तिरकी लावली, यांनी काढली. पुन्हा लावली, तर म्हणाले, "फोटोत घाण दिसते." फळी कोठीत गेली आणि कोठीची किल्ली यांच्या खिशात.

नव्या तळ्याच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सातला मी तळ्यावर गेले. नखाएवढी शेकडो पिल्लं टाइल्सवर चढत होती, घसरत होती. काही उलटी तरंगत होती. ओंजळीने काढायला लागले, पण दोन हातांनी किती काढणार? रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप.

तेवढ्यात फुलं घेऊन ताई आली. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापुढे ब्र न काढलेली बाई. तिने वाकून पाण्यात बघितलं. मग तिची नजर काठावरच्या दोन खांबांना बोल्टने जोडलेल्या, कापडाने झाकलेल्या उद्घाटनाच्या पाटीवर गेली.

"पान्हा आहे का गं?"

पाटी लांबरुंद, लाकडी. मागून गुळगुळीत, पुढून अक्षरं कोरलेली. म्हणून आम्ही दोघींनी ती खोलून अक्षरं वर करून पाण्यात तिरकी सोडली. दाजींचं नाव सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत खोल कोरलेलं, पाय रोवायला बरं. कापड मात्र ताईने खांबांवर नीट पसरून ठेवलं.

दहाला पाहुणे आले. दाजींनी ऐटीत कापड ओढलं. दोन रिकामे खांब! मागे तळ्यात त्यांच्या नावावरून पिल्लांची रांग चाललेली. एक पाहुणी वाकून बघत म्हणाली, "अय्या, किती छान कल्पना! तुमचीच का?"

कारकून तेवढा हसला. दाजी तरातरा काठाशी आले आणि पाटी ओढायला वाकले.

"अहो," ताई म्हणाली, "हात लावून तर बघा."

आवाज मुळीच चढवला नव्हता तिने. दाजींनी हात मागे घेतला आणि कोठीची किल्ली माझ्यापुढे धरली.