हंबीररावांच्या पाच कुंड्या

हंबीररावांनी चाळीस वर्षं ऊस पिकवला. नुसतं पान बघून पाणी कधी द्यायचं ते सांगणारा माणूस, असं त्यांचं गावात नाव होतं. शेत भावाच्या हवाली करून ते कळंब्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि तिथं वाटीएवढ्या पाच कुंड्यांनी त्यांची पार फजिती केली.

कुंड्या सुनेच्या. संयोगिता शाळेत शिकवायची. लग्नाला चार महिने झाले होते, पण सासरा-सुनेचं बोलणं 'मामा, चहा' आणि 'हां, ठेव' याच्या पुढं काही सरकलं नव्हतं. तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पुण्याला निघताना मात्र तिनं नवऱ्याकडं न देता कुंड्या थेट हंबीररावांपुढं मांडल्या. आदल्या दिवशीच जयसिंगपूरच्या एका नर्सरीतून आणलेल्या.

"मामा, ह्या तुमच्याकडं. प्रत्येकीवर चिठ्ठी लावलीय. काही अडलं तर मला फोन करा."

"अडतंय कशाला? चार एकर ऊस केलाय मी."

म्हणाले तोऱ्यात, पण आतून सुखावले. पोरीनं पहिल्यांदाच काहीतरी विश्वासानं हातात दिलं होतं. ती येईपर्यंत पाचही झाडं टवटवीत ठेवायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आणि पहिल्याच सकाळी प्रत्येकीला तांब्याभर पाणी पाजलं. चिठ्ठ्यांची शाई वाहून गेली. एकीवर 'आठ दिवसांनी' होतं, एकीवर 'महिन्यातून एकदा', एकीवर 'अजिबात नको', एवढं आठवत होतं. पण कुठल्या? एक झाड गोल, अंगभर काट्यांचं. दुसऱ्याची पानं कमळासारखी पसरलेली, तिसऱ्याची मण्यांसारखी लोंबणारी. चौथं नुसतं काठीसारखं उभं. पाचव्याची पानं टोकदार, त्यांवर पांढरे पट्टे.

शेजारचे सयाजी एसटीतून निवृत्त झालेले. त्यांच्या फोनमध्ये फोटोवरून झाडाचं नाव सांगणारं काहीतरी होतं. त्यानं काट्यांच्या गोळ्याचं सकाळी एक नाव सांगितलं, दुपारी दुसरं, आणि तिसऱ्यांदा थेट फणस. हंबीररावांनी मग नर्सरीवाल्याला फोन लावला.

"पावणं, आमच्यात त्या समद्यास्नी सक्युलंटच म्हणत्यात, जाड अंगाची झाडं," तो म्हणाला.

"आन् पाणी?"

"बघून घाला की!"

बघूनच तर घालत होते. पान मऊ पडलं की झाड तहानलं, हा त्यांचा जन्माचा हिशोब. पानं मऊ पडली, त्यांनी पाणी घातलं. आणखी मऊ पडली, आणखी घातलं. शेवटी कमळासारख्या झाडाची पानं आरपार दिसायला लागली, बोट लावलं की गळायला लागली. पाणी पिऊन मरणारं पीक त्यांनी कधी बघितलं नव्हतं. डोकं पार चक्रावलं.

त्यात अमावस्या आली. दूध घेऊन परत आले, तर पाचवी कुंडी रिकामी आणि तिच्यातलं पट्ट्यांचं रोप दाराच्या चौकटीला काळ्या दोऱ्यानं उलटं टांगलेलं, मुळं वर.

"आगं, काय केलंस ह्ये?"

"कोरफड न्हवं ती?" त्यांची बायको आक्का म्हणाली. "नव्या घराला नजर लागाय नको म्हणून बांधली. टांगून कोरफड कुटं मरती व्हय?"

"कोरफडीवर असलं पट्टं असत्यात काय?"

"शहरातली आसंल."

कोरफड नसली तर? आणि सोडावी, तर आक्का घर डोक्यावर घेणार. रोज दुपारी ते फोनवर सुनेचं नाव काढायचे, बघत बसायचे आणि फोन खाली ठेवायचे. चार एकरवाल्यानं पाच कुंड्यांसाठी कालच्या पोरीला विचारायचं? लाज वाटायची.

संयोगिता आली त्या दिवशी चार कुंड्यांत नुसता चिखल उरला होता. दारात उभं राहून हंबीरराव एका दमात म्हणाले, "पोरी, चार मी मारली. पाचवं ते वर हाय."

तिनं मान वर केली. मुळं वरच होती, पण पानं घट्ट हिरवी होती आणि मधून आलेला बारीक देठ वळून आभाळाकडं निघाला होता.

"ही कोरफड नाही मामा," ती हसू दाबत म्हणाली. "'अजिबात नको' ती हीच."

हसता हसता तिचे डोळे भरले. हंबीरराव गडबडले. "रडू नगंस. उद्या जाऊन दुसरी आणू."

"झाडांचं नाही हो. शाई पाण्यानं जाणार हे मला कळत नव्हतं का? म्हटलं, चिठ्ठ्या पुसल्या की मामा फोन करतील. रोज वाट बघितली. सयाजीकाकांकडून कळलं, तुम्ही त्यांना विचारलं, नर्सरीवाल्याला विचारलं. मला सोडून सगळ्यांना."

कोपऱ्यातलं स्टूल ओढून हंबीरराव चढले, दोरा सोडला आणि रोप अलगद तिच्या ओंजळीत ठेवलं. आतून आक्का ओरडली, तरी त्यांनी लक्ष दिलं नाही.

"बरं मग," घसा खाकरून ते म्हणाले, "आता सांग. ह्येला पाणी कवा घालायचं?"