सीलबंद पुना

पुना अहिरे वारला त्याला बरीच वर्षं झाली होती, तेव्हा मुंबईतल्या कुणा माणसाला वाटलं की त्याला हिंदी यायला हवी.

पुना पिंपळनेरचा. शेती करायचा, लग्नसराईत नकला करायचा. पुढे धुळ्याच्या एका हौशी माणसाने अहिराणीत एक पिक्चर काढला आणि त्यात पुनाला हिरो केलं. हरवलेली म्हैस शोधत गावभर फिरणारा माणूस आणि कायम त्याच्या मागे उभी असलेली म्हैस, एवढीच गोष्ट. बसस्टँडवरच्या टपऱ्यांवर त्याच्या सीड्या भेळीसारख्या खपल्या. पिक्चरला नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. सगळे म्हणायचे, पुनाचा पिक्चर.

पुनाच्या घरी स्वतःची अशी एक सीडी होती. ती चरे पडून पडून अडकायला लागली, तेव्हा त्याची बायको प्रमिलाबाई हिने ती दोरीला बांधून बाजरीत टांगली. उन्हात चकाकली की पाखरं उठायची. पुना स्वतःच म्हणाला होता, घरात पडून काय कामाची.

पुना गेला. मग मागच्या वर्षी तो एका ॲपवर उगवला. प्रमिलाबाईची भाची भूमिका गावातल्या मेडिकलवर काम करते, तिला तो सापडला. ‘खरेदी करा’ असं बटण होतं, ते तिने दाबलं. रोज संध्याकाळी प्रमिलाबाई भाचीच्या मोबाइलवर नवरा पाहू लागली. जेवण उरकायचं, चष्मा लावायचा आणि नवरा पाहायचा. गावातल्या बायका हसायच्या. तो जिवंत होता तेव्हा एवढा पाहिला नाहीस म्हणायच्या.

आणि एका संध्याकाळी पुनाने तोंड उघडलं आणि तो हिंदी बोलला.

हिंदीही कसली, तर गुळगुळीत, टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखी. पुनाला बोलण्याआधी घसा खाकरायची सवय होती. ते खाकरणंसुद्धा कोणीतरी पुसून टाकलं होतं. प्रमिलाबाईने मोबाइल कानाला लावला, मग लांब धरला.

“हाऊ मना नवरा नही शे,” ती म्हणाली. “तोंड त्यानं शे, आवाज दुसराना शे.”

भूमिकाने ॲपवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं की अधिक प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यासाठी मूळ आवृत्तीऐवजी सुधारित आवृत्ती देण्यात आली आहे, आपल्याला आनंददायी अनुभव मिळो. मी पिक्चर विकत घेतला होता, असं तिने पुन्हा लिहिलं. त्यावर उत्तर आलं की खरेदी म्हणजे पाहण्याची परवानगी, आणि काय पाहायचं ते कंपनी ठरवते. शेवटी एक हसरा चेहरा होता.

भूमिकाने टपऱ्या शोधल्या. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळत होती. पिक्चर काढणारा माणूस सगळे हक्क ॲपला विकून सुरतेला राहायला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. शेवटी फेसबुकवर तिला एक फोटो दिसला. काचेच्या कपाटात पुनाची सीडी, खाली मजकूर: ‘अहिराणीतील दुर्मिळ नग. सीलबंद.’ फोटो टाकणारे होते धुळ्याचे रुपचंद शेठ.

रुपचंद शेठचं आग्रा रोडवर इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ते आता मुलगा पाहतो, आणि शेठ वरच्या मजल्यावर आपला संग्रह पाहतात. त्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत पिक्चर आहेत. एसी चोवीस तास चालतो. खाली बायको स्वयंपाकघरात घामाने निथळत असली तरी सीड्यांना घाम येता कामा नये. भूमिकाच्या मेसेजला त्यांनी उत्तर दिलं: ‘पाहायला या. नेता येणार नाही.’

रविवारी दुपारी दोघी पोहोचल्या. शेठनी आधी त्यांना हात धुवायला लावले. मग स्वतः पांढरे हातमोजे चढवले आणि त्यांना दोन बुटक्या स्टुलांवर बसवलं.

“ॲपवर विकत घेतला होता म्हणे तुम्ही,” ते भूमिकाला म्हणाले. ‘विकत’ हा शब्द त्यांनी चिमटीत धरावा तसा उच्चारला. “काय घेतलंत? दाखवा बरं. हातात घेऊन दाखवा.”

भूमिकाने हातातला मोबाइल पालथा केला.

“नाही ना दाखवता येत? तुम्ही लोक भाड्याच्या घरात राहता आणि दारावर आपल्या नावाची पाटी लावता. उद्या कंपनीने म्हटलं पिक्चर नाही, तर नाही. हिरो हिंदी बोलेल म्हटलं, तर बोलेल. तुमच्या हातात राहिलं काय? चार्जर!”

यातला शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच ऐकायला फार वाईट वाटत होतं.

“आणि तुमच्या घरी एक सीडी असेलच ना? ती कुठे गेली?”

“बाजरीमा टांगी,” प्रमिलाबाई सरळ म्हणाली. “पाखरं हाकलाले.”

शेठनी डोळे मिटून घेतले. या जिल्ह्यात आपण एकटेच सुसंस्कृत आहोत ही त्यांची फार जुनी समजूत होती, आणि ती खरी ठरली की त्यांना दुःखाबरोबर थोडं बरंही वाटत असे.

मग त्यांनी कपाट उघडून सीडी आणली. कव्हरवर पुना होता, डोक्यावर उलटी टोपी, मागे म्हैस. वरच्या चकचकीत प्लास्टिकला कुठे सुरकुतीही नव्हती. प्रमिलाबाईने पदराला हात पुसले आणि ती मांडीवर घेतली.

“बघितली? द्या आता,” शेठ म्हणाले.

“लावा ना, शेठ.”

“लावा काय? सील आहे त्याला.”

“मंग तुमी कधी पाह्यना?”

“मी? हा पिक्चर?” शेठ हसले. “बाई, माझ्याकडे जपानचे पिक्चर आहेत, इटलीचे आहेत. म्हैस हरवल्याचा पिक्चर मी बघत बसू?”

“मंग लिधी कसाले?”

“कारण दुसऱ्या कोणाकडे नाही.”

प्रमिलाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. नकला करणाऱ्याची बायको होती ती. माणसाच्या तोंडून निघालेलं वाक्य खरं की नाटकातलं, हे तिला कळायचं. हे खरं होतं.

एवढ्यात शेठच्या पत्नी सायरबाई पाणी घेऊन आल्या. काय चाललंय ते भूमिकाने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं: यांचे मिस्टर, त्यांचा आवाज ऐकायचाय, शेठ सील उघडत नाहीत.

“नाहीच उघडणार,” सायरबाई म्हणाल्या. “या खोलीतले निम्मे असेच आहेत. प्लास्टिकमध्ये. मला वाटतं, आतल्या नटांचासुद्धा श्वास कोंडत असेल.”

“सायर, तू खाली जा.”

“जाते ना. खाली गरम होतं, पण तिथे माझी सिरियल तरी लागते.” पण त्या गेल्या नाहीत.

कर्रर्र असा बारीक आवाज झाला. प्रमिलाबाईने अंगठ्याचं नख प्लास्टिकच्या कडेत घातलं होतं आणि भुईमुगाची शेंग फोडावी तितक्या सहज ती ते सोलत होती. शेठ उठले, पण हातमोजे घातलेल्या हातांनी एका बाईच्या मांडीवरची वस्तू हिसकायची कशी, हे त्यांना कोणत्याच देशाच्या पिक्चरने शिकवलं नव्हतं.

“अहो बाई! अहो, हे काय करता! आता तिची काय किंमत राहिली?”

“मनाकडे शे ती किंमत,” प्रमिलाबाई म्हणाली आणि सीडी सायरबाईंच्या हातात दिली.

सायरबाईंनी ती उघड्या बोटांनी धरली, कोपऱ्यातल्या टीव्हीखालच्या मशीनमध्ये सरकवली आणि बटण दाबलं. मशीन शेठ फक्त पुसायचे. ते चालतं की नाही याची त्यांनाही खात्री नव्हती. ते चाललं.

फिकट रंग, थरथरतं चित्र. पडद्यावर पुना शेताच्या बांधावरून आला, थांबला आणि त्याने घसा खाकरला.

प्रमिलाबाईचा हात तोंडाशी गेला.

“ओ आबा,” पुना कोणाला तरी विचारत होता, “मनी म्हस दखी का?”

“तुना मांगे शे ना, येड्या!” प्रमिलाबाई म्हणाली.

ती पडद्याशी बोलत होती. पुना घरी तालीम करायचा तेव्हा आबाचं काम तीच करायची, हे भूमिकाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुना विचारत गेला आणि ती उत्तरं देत गेली, पडद्यावरच्या आबाच्या आधी, त्याच्यापेक्षा चांगली. सायरबाई स्टूल ओढून बसल्या आणि म्हशीने टोपी खाल्ली तेव्हा खळखळून हसल्या.

भूमिकाने मोबाइल काढून पडद्यासमोर धरला.

“रेकॉर्डिंग बंद!” शेठ ओरडले. “ही चोरी आहे! कॉपी म्हणजे शुद्ध चोरी!”

“फुवांचा आवाज फुईला ऐकवायचा, त्यात कोणाची चोरी?” आत्याकडे मान करून, हात खाली न घेता ती म्हणाली. “फुवा तुमच्याकडे गहाण होते का?”

शेठ पिक्चर संपेपर्यंत बोलत राहिले. कलेचं पावित्र्य, कायदा, खेड्यातली माणसं. मध्ये पहिली सीडी संपून त्याच पाकिटातली दुसरी घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी झाकली. सायरबाईंनी त्यांची बोटं एकेक करून बाजूला केली आणि सीडी घातली.

निघताना सायरबाई म्हणाल्या, “घेऊन जा तुम्ही ही.”

“नको वं ताई. घर मशीन नही,” प्रमिलाबाई म्हणाली. “आनि ह्याले बी काहीतरी राहू द्या.”

शेठनी त्यानंतर बायकोशी बोलणं टाकलं. तिच्या ते लक्षात आलं की नाही, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

पिंपळनेरला प्रमिलाबाईच्या ओट्यावर आता अधूनमधून तो पिक्चर लागतो. चित्र थोडं तिरकं आहे आणि पुनाच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे एक माणूस ओरडत असतो. तो आवाज काढून टाकता येतो, असं भूमिका म्हणाली होती. प्रमिलाबाई नको म्हणाली. कोणाच्याही आवाजाला हात लावायचा नाही.

बाया विचारतात, “हाऊ कोन वरडस वं?”

“तो का?” मोबाइलवरची नजर न हलवता प्रमिलाबाई सांगते. “तो मालक शे.”