भाऊ मास्तरांचा अभ्यास

१८९७ सालच्या माघात कल्याणात गाठीचा ताप शिरला, आणि फाल्गुन उजाडेपर्यंत माणसं एकमेकांच्या चालण्याकडे पाहू लागली. कोणी जरा लंगडलं की याच्या जांघेत गाठ आली असणार, कोणी हात अंगापासून दूर धरला की काखेत. शिंक आली तरी माणूस आधी इकडेतिकडे बघे आणि मग शिंके.

पारनाक्याजवळच्या एका आळीत प्रभाकर ओक नावाचा वकिलाचा कारकून राहत होता. वय बत्तीस. साथीसाठी नेमलेल्या कमिटीने प्रत्येक आळीतला एक लिहितावाचता माणूस धरला होता, या आळीतला प्रभाकर. कोणाला ताप आला, कोणाकडे पाहुणा उतरला, कोणी गुपचूप गाव सोडलं, हे त्याने रोज जाऊन सांगायचं. लपवलं तर त्याचीच चौकशी. काम त्याने मागितलं नव्हतं, पण नाही म्हणायचा धीरही झाला नव्हता. घरात बायको उत्तरा पाच महिन्यांची गरोदर होती, आणि आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती.

त्याच्या भिंतीला भिंत लागून भाऊ खांबेट्यांचं घर. भाऊ सरकारी मराठी शाळेत तीस वर्षं मास्तर होते. प्रभाकरने बाराखडी त्यांच्याच हाताखाली गिरवलेली. तरुणपणी अंबरनाथच्या देवळात उतरलेल्या एका गोसाव्याकडून ते आसनं आणि प्राणायाम शिकले, आणि पुढची पन्नास वर्षं त्यांचा अभ्यास चुकला नाही. रोज पहाटे, ओटीवर, सगळ्या आळीदेखत. ते डोक्यावर उभे राहिले की दूध घालायला आलेला काळुराम चरवी खाली ठेवून बघत राही. "शरीर म्हातारं होत नाही रे, आपण त्याला होऊ देतो," असं ते शाळेतल्या मुलांना सांगत, आणि सत्तरी ओलांडल्यावरही सांगत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा खानदेशात नोकरीवर. घरात ते आणि धाकटी विधवा बहीण रंगूबाई, एवढीच दोघं.

पौषापासून भाऊ ओटीवर दिसेनासे झाले. थंडीमुळे असेल, असं प्रथम प्रभाकरला वाटलं. पण थंडी सरली तरी ओटी रिकामीच. पुढचं दार सूर्य वर येईपर्यंत आतून लावलेलं असे. काळुरामला दूध पायरीवर ठेवून जायला सांगितलं होतं.

"पायरीवर का?" प्रभाकरने विचारलं.

"आता काय सांगू? बाई आतूनच बोलल्या. दार काय उघडलं नाही."

मग एकदा देवळातून परत येताना भाऊ त्याला दिसले. डावा पाय ओढत चालले होते. प्रभाकर समोरून येतो आहे हे कळताच ते थांबले आणि पारावर बसून राहिले, तो पुढे निघून जाईपर्यंत.

घरी त्याने हे उत्तराला सांगितलं नाही. पण दोन दिवसांनी तिनेच विषय काढला. गोवऱ्या घालायला येणारी तुळसा तिच्याशी बोलली होती.

"अहो, शेजारी मागच्या अंगणात पट्ट्या वाळत असतात म्हणे. चार बोटं रुंद आणि हातभर नाही, चांगल्या दहा-पंधरा हात लांब. रोज. पिवळट डाग असलेल्या."

"कसल्या पट्ट्या?"

"मला काय ठाऊक? तुळसा म्हणाली, गाठ फुटल्यावर बांधतात तसल्या." उत्तराने पोटावरचा पदर सारखा केला. "आपली आणि त्यांची न्हाणी एकाच भिंतीला आहे."

प्रभाकर त्याच संध्याकाळी शेजारी गेला. कडी वाजवली. दार वीतभर उघडलं आणि फटीत भाऊ उभे राहिले. पूर्वी तो आला की "ये रे" म्हणून ते स्वतः पाट मांडत.

"भाऊ, बरे आहात ना?"

"उत्तम."

"पाय दुखतो का? परवा पाहिलं."

"ठेच लागली होती. काही नाही."

"आणि रंगूआत्या?"

"तीही बरी आहे." भाऊंनी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. "अजून काही लिहून घ्यायचं आहे का तुला?"

त्या शेवटच्या वाक्याने प्रभाकरला राग आला, आणि राग आल्यामुळे संशय पक्का झाला. निर्मळ माणूस असा टोमणा मारील कशाला?

दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला आणि न्हाणीघरात जाऊन भिंतीशी कान लावून उभा राहिला. लाज वाटत होती, तरी उभा राहिला. पलीकडे श्वास ऐकू येत होता. एक नव्हे, दोन. एक लांब, संथ, समुद्राच्या ओहोटीसारखा. दुसरा तुटक, मध्येच अडकणारा, आणि अडकला की कण्हणारा. बराच वेळ असं चाललं. मग रंगूबाईंचा आवाज आला, अगदी हळू.

"आणखी थोडं. दुखेल. सोसायचं."

"नाही गं. आता नाही होत माझ्याने." हा आवाज भाऊंचा होता, पण असा आवाज प्रभाकरने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"होईल. मी धरते पाय."

"हे कोणाला कळता कामा नये, रंगू. त्या प्रभाकरला तर नाहीच."

प्रभाकर घरात आला तेव्हा उत्तरा चूल पेटवत होती. तो आंघोळ न करताच बाहेर पडला आणि थेट कमिटीच्या कचेरीत गेला. तिथल्या माणसाने नाव विचारलं, घर विचारलं, लक्षणं विचारली. प्रभाकरने सांगितली. पाय ओढतात, जखमेच्या पट्ट्या, रोगी कण्हतो, घरातली बाई लपवते. प्रत्येक गोष्ट सांगताना ती त्याला अधिकाधिक खरी वाटत गेली.

तपासणीची मंडळी दुसऱ्याच सकाळी आली. मुंबईहून आलेला एक डॉक्टर, एक नर्सबाई, दोन शिपाई, मागे डोली. नियमाप्रमाणे प्रभाकरला बरोबर जावं लागलं. शिपायाने कडी दोनदा वाजवली आणि तिसऱ्यांदा खांदा लावला. आतली कडी जुनी होती, निघून आली.

माजघरात उजेड बेताचाच होता. भाऊ गोधडीवर उताणे पडले होते, दोन्ही पाय भिंतीला टेकवून वर केलेले. कमरेखाली उशी, मानेखाली गुंडाळलेलं धोतर. आणि त्यांच्या समोर, जमिनीवर, लाल आलवणाचा काचा मारून रंगूबाई बसल्या होत्या. पाय लांब पसरलेले, कपाळ गुडघ्यांना टेकलेलं, हात तळव्यांपलीकडे गुंफलेले. चौसष्ट वर्षांची बाई, घडी घातलेल्या लुगड्यासारखी. शिपाई दारातच थबकले. रंगूबाईंनी मान वर केली, परके पुरुष पाहिले, आणि डोक्यावर पदर ओढत भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"रोगी कोण आहे?" डॉक्टरने विचारलं.

भाऊंनी पाय खाली घ्यायचा प्रयत्न केला. एकट्याने ते जमेना. शेवटी प्रभाकरने पुढे होऊन त्यांना बसतं केलं. अंग गार होतं. तापाचा लवलेश नव्हता.

डॉक्टरने काचेची नळी भाऊंच्या तोंडात ठेवून ताप पाहिला, काखा चाचपल्या, मग जांघ. डाव्या जांघेशी त्याची बोटं थांबली. "इथे गाठ आहे."

"पायाच्या बोटाला जखम आहे त्याची ती," भाऊ म्हणाले. "महिना झाला. चिघळली आहे."

"लंगडता कशाने?"

रंगूबाईच भिंतीकडे तोंड ठेवून बोलल्या. "पौषात डोक्यावर उभे होते. तोल गेला, कमरेवर पडले. तेव्हापासून साधं मांडी घालून बसणंही होत नाही. लोकांनी बघू नये म्हणून दार लावतो."

"आणि या पट्ट्या?" शिपायाने मागच्या अंगणातून एक लांब फडकं काठीने उचलून आणलं होतं.

"धौतीच्या आहेत. फडकं भिजवून गिळायचं, पुन्हा ओढून काढायचं, पोट साफ होतं. इतकी वर्षं आत सोवळ्यात वाळत होत्या. आता मीही करते म्हणून दोरी पुरत नाही."

डॉक्टरने प्रभाकरकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता कंटाळा होता. त्याने भाऊंच्या बोटाची जखम पाहिली, पुन्हा एकदा गाठ दाबली आणि उभा राहिला. "बहुधा म्हातारा खरं बोलतो आहे. पण नुसत्या 'बहुधा'वर मी कोणाला घरी ठेवू शकत नाही. दहा दिवस दोघांनाही छावणीत."

भाऊंना डोलीत बसवताना प्रभाकर शेजारी उभा होता. आळीतल्या प्रत्येक दारात माणसं होती आणि कोणी पुढे येत नव्हतं.

"मला काही कळेना, भाऊ," तो म्हणाला. "नुसतं सांगितलं असतंत तर."

"तू विचारलं होतंस."

"हो."

"मी ठेच म्हणालो." भाऊंनी डोलीची दांडी धरली. "पन्नास वर्षं ज्यांच्यासमोर ताठ उभा राहिलो, त्यांना काय सांगायचं? बहीण पाय धरते तेव्हा वर जातात म्हणून? तुला खोटं सांगणं सोपं होतं. तुलाही ते खोटं वाटणं सोपं गेलं."

मागाहून भाऊंच्या घरातल्या गोधड्या, उश्या, धौतीची फडकी, सगळं आळीच्या तोंडाशी जाळलं. भिंतींना चुना दिला. उत्तराने दिवसभर खिडकी उघडली नाही.

छावणी गावाबाहेर माळावर होती, तट्ट्यांच्या झोपड्यांची. चौथ्या दिवशी प्रभाकर तिथे गेला. आत जाऊ देत नव्हते, कुंपणापाशी उभं राहून लांबूनच बघायचं. त्याला वाटत होतं, भाऊ खाटेवर पडलेले दिसतील. ते झोपडीच्या सावलीत एका उपड्या घमेल्यावर बसले होते, पाठ खांबाला टेकवून, आणि हात सावकाश वर नेऊन खाली आणत होते. एवढंच. रंगूबाई त्यांच्यापासून जरा अंतरावर, अंथरलेल्या तरटावर, उघड्यावर आपला पूर्ण अभ्यास करत होत्या. आजूबाजूच्या झोपड्यांतल्या बायका लांब उभ्या राहून बघत होत्या. एकीने मुलाला उचलून पाठीमागे घेतलं.

"तुमचे कोण ते?" पहारेकऱ्याने विचारलं.

"शेजारी."

"बाई काय मंत्र म्हणते ठाऊक आहे? नाकाने काहीतरी घुमवते. त्यांच्या डाव्या-उजव्या दोन्ही झोपड्यांतली माणसं गेली. या दोघांना काही होत नाही. लोक म्हणतात, मेलेल्यांच्या वाटचं आयुष्य हीच ओढून घेते."

"मंत्र नाही तो. श्वास आहे."

"तुम्ही म्हणता तर असेल," पहारेकरी म्हणाला, आणि प्रभाकरपासूनही दोन पावलं बाजूला झाला.

अकराव्या दिवशी भाऊ आणि रंगूबाई परत आले, बैलगाडीतून. जांघेतली गाठ बसली होती, बोटाची जखम भरत आली होती. पाय मात्र ओढतच होते. आळीने त्यांना पाहिलं आणि दारं ओढून घेतली. आठवडाभर आडावर रंगूबाई आल्या की बाकीच्या बायका घागरी उचलत. जिवंत परत आले हीच गोष्ट लोकांना खुपत होती. छावणीतून कोण परत येतं? काय देऊन आले असतील?

प्रभाकरने कमिटीचं काम सोडतो म्हणून सांगितलं. सुटका मिळाली नाही. तो रोज कळवायला जात राहिला, पण आता दोनदा विचारल्याशिवाय आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणाचं नाव त्याने दिलं नाही. त्यामुळे एकदा खरोखरचा रोगी उशिरा कळला, आणि त्याबद्दल त्याने बोलणीही खाल्ली.

चैत्रात एका पहाटे भाऊंनी ओटीवर खुर्ची आणून ठेवली. खुर्चीवर बसून ते हात वर नेत, मान फिरवत, श्वास मोजत. डोक्यावर उभं राहणं संपलं होतं, पद्मासनही. कोणी रस्त्याने जाताना बघितलं तरी भाऊ थांबत नसत. प्रभाकरने तिसऱ्या दिवशी धीर केला आणि ओटीच्या पायरीवर जाऊन बसला.

भाऊंनी डोळे उघडले. "आज कोणाच्या वतीने आलास?"

"माझ्याच."

"काय पाहायला?"

"पाहायला नाही. मलाही शिकवा."

भाऊ त्याच्याकडे बघत राहिले, वर्गात पाटीवरचं उत्तर दुसऱ्याचं उतरवलेलं आहे का हे ताडून पाहावं तसं. "मी आता ज्या गतीने करतो ती मला रंगूने शिकवली," ते म्हणाले. "चाळीस वर्षं ती दाराआडून बघत होती. मला पत्ता नव्हता. तिला विचार. ती हो म्हणाली तर."

रंगूबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. "तुम्ही तपासणीला आलात तेव्हा मी कशी बसले होते ते पाहिलंत ना," त्या दारातूनच म्हणाल्या. "ते आळीत कोणाकोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. उत्तरालाही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तराला गाठून हेच विचारलं, आणि तिच्याकडूनही तेच उत्तर आल्यावर म्हणाल्या, त्यांना उद्या येऊ देत.

भाऊ त्यानंतर नऊ वर्षं जगले. प्रभाकर शेवटपर्यंत जात होता. शिकवताना भाऊ पूर्वीसारखेच शिकवत, चुकलं की तसेच रागवत. पण अभ्यास आटोपला की घरातली गोष्ट त्याच्याशी कधी बोलत नसत, आणि तो जायला निघेपर्यंत रंगूबाई माजघरातून बाहेर येत नसत.