सव्विसावा दिवस

"हलू नका हो. कान आहे तो, लिफ्टचं बटण नाही," सुया टोचणाऱ्या बाई म्हणाल्या आणि बाबांच्या उजव्या कानात चौथी सुई गेली.

बाबांनी डोळे घट्ट मिटले होते. पस्तीस वर्षं लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरून दुरुस्ती करणारा माणूस, पण केसाएवढी सुई पाहून त्यांना घाम फुटला होता. मी शेजारी बसून त्यांची पिशवी सांभाळत होते.

पलीकडच्या खुर्चीत एक बस कंडक्टर दोन्ही कानांत सुया घेऊन खुशाल पेपर वाचत होते. "घाबरू नका काका. चार दिवस साळिंदर झाल्यासारखं वाटतं, मग सवय होते."

"तुमची सुटली का सिगारेट?" बाबांनी डोळे न उघडताच विचारलं.

"तीनदा सुटली," कंडक्टर पान उलटत म्हणाले.

बाई हसल्या. "मी आधीच सांगून ठेवते, सुई काही सिगारेट सोडवत नाही. तलफ आली की ती जाईपर्यंत गप्प बसायला जरा मदत करते. सोडायची तुम्हीच." निघताना त्यांनी बाबांच्या कानावर मोहरीएवढी बी ठेवून वर चिकटपट्टी लावली. तलफ आली की ती दाबायची.

माझी लेक आठव्या महिन्यातच आली. दीड महिना काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, सिगारेट ओढणाऱ्याने हिला घ्यायचं नाही. धूर श्वासात राहतो, कपड्यांत राहतो, हिच्या छातीला तो सोसणार नाही. घरातल्या सगळ्यांनी बाबांकडे बघायचं टाळलं आणि त्यामुळेच हे आपल्यासाठी आहे ते त्यांना कळलं.

"तीस दिवस," ते म्हणाले. "पुरे तीस झाले की घेईन." आकडा त्यांचा त्यांनीच ठरवला.

रोज कामावरून येताना ते धुतलेला शर्ट पिशवीत घेऊन यायचे. तो अंगात घालून खोलीच्या दारात उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून. बी दाबून दाबून कान लाल व्हायचा. कामावरचे विचारायचे, "काय मिस्त्री, कानात माशी गेली का?"

बाविसाव्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "मान कशी धरायची गं हिची?"

"तुम्ही मला नव्हतं धरलं?"

"तू चांगली दणकट होतीस."

मी टॉवेलची गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अशी घेतली की मला हसू आवरेना. "सटकणार नाही ना? वंगण लावल्यासारखी असतात ही पोरं." तरी पाऊण तास ते त्या टॉवेलला घेऊन खोलीभर फिरत होते.

सव्विसाव्या दिवशी ते उशिरा आले. बेल वाजवून पायरीवरच थांबले. पिशवी नव्हती. कानही मोकळा होता.

"बी पडली वाटतं," मी म्हणाले.

"काढली." ते जमिनीकडे बघत होते. "दवाखान्याची लिफ्ट अडकली होती. आत दोघीजणी, त्यातली एक पोटुशी. तीन तास लागले. बाहेर काढली तेव्हा हसत होती बिचारी. वॉचमनने सिगारेट पुढे केली आणि मी घेतली. अर्धी संपल्यावर कळलं, हातात काय आहे ते."

महिनाभर मीच पहारा केला होता, आणि आता माझ्याच तोंडून निघालं, "अर्धीच ना? चार दिवस तर राहिलेत, बाबा. कोण विचारतंय? धरू आपण सव्वीस."

"दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली लिफ्ट पोचली असं म्हणतात का, पोरी?"

"पण तुम्ही नसतं सांगितलं तर..."

"म्हणून तर बी काढून आलो. ती कानावर असती तर वाटेत सुचलं असतं काहीतरी खोटं." त्यांनी रिकाम्या कानाला हात लावला आणि काढला. "उद्या सकाळी बाईंकडे जातो. परत एकपासून."

आत लेक रडायला लागली. बाबांचं एक पाऊल उंबऱ्यात आलं होतं, ते त्यांनी मागे घेतलं.

"जा, तिला बघ. मी बसतो इथे थोडा वेळ. आवाज येतो इथवर."

मी आत जाऊन तिला खांद्यावर घेतलं आणि थोपटत खिडकीशी आले. बाबा अंगणातल्या नळावर गेले होते. बाह्या वर सारून त्यांनी साबण लावला, कोपरापर्यंत हात चोळले, एकेका नखातलं काळं वंगण काढलं. मग रुमालाने हात कोरडे करून पायरीवर येऊन बसले, आणि ते धुतलेले हात कशालाही लागू न देता मांडीवर उताणे ठेवून दिले.