रोहिदासच्या गाडीचे सात कोड

कुरुळीत ज्योतीरामचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा आणि गाडीतला बिघाड कोडमध्ये दाखवणारा एक स्कॅनर. पण मान असा, की मोठमोठ्या वर्कशॉपनी हात टेकलेल्या गाड्या टोचन लावून त्याच्या दारात यायच्या. बारा वर्षांपूर्वी औशाहून आलेला हा माणूस वायरिंगच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही, आणि तसं बोलूनही दाखवायचा. "मशीन कोड सांगतंय, रोग मी सांगतो," हे त्याचं लाडकं वाक्य. ते ऐकून ऐकून शेजारच्या पंक्चरवाल्याचे कान किटले होते.

त्या मंगळवारी सकाळी रोहिदासची पांढरी गाडी ओढत आणली, तेव्हा मात्र ज्योतीराम आधी गाडीच्या मागे गेला. मागचा बंपर पार डिकीत घुसला होता. मागच्या सीटवर काचेचा चुरा तसाच पडलेला होता आणि खाली एक लेडीज चप्पल होती. एकच.

रोहिदास इथलाच, जुन्या गावकीतला. त्याच्या जमिनीवर कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्याच कंपन्यांना त्याने गाड्या लावल्या. कामगारांना घरून आणायचं आणि परत सोडायचं. ही गाडी चालवायचा किसन, परभणीकडचा, तिशीतला, बायकोला घेऊन इथेच भाड्याने राहणारा. शनिवारी दुपारी दुसऱ्या शिफ्टची माणसं घेऊन जाताना चाकणच्या अलीकडे, भर रस्त्यात, गाडी एकदम मेली. इंजिन गेलं, दिवे गेले, पार्किंग लाइटसुद्धा लागेना. मागून टेम्पो येऊन आदळला. मागे बसलेल्या योगिनी नावाच्या मुलीच्या मांडीचं हाड मोडलं. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं.

"ज्योतीराम, तुझ्या तोंडून ऐकायचंय मला," रोहिदास म्हणाला. "ह्या बाबानं दिवाळीत गाडीत गाण्याचा डबा बसवला. मला न विचारता, सोताच्या हातानं वायरी जोडून. तिथंच घोटाळा झाला, व्हय ना? तू हां म्हण, आजच ह्याला काढतो. कंपनीला लिहून द्यायचंय, पोलिसालाबी सांगायचंय. तुझा शब्द आमाला पुरा हाय."

किसन शेडबाहेर जुन्या टायरवर बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"बघू तर दे," ज्योतीराम म्हणाला. रोहिदासला फोन आला, तो बोलत बोलत रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर गेला.

ज्योतीरामने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन लावलं, दुसरी बॅटरी जोडून चावी फिरवली. स्क्रीनवर एकाखाली एक सात कोड आले. अॅक्सिलेटरच्या सेन्सरचा एक, हवेच्या सेन्सरचा एक, व्होल्टेज कमी झाल्याचा पी ०५६२, ब्रेकच्या कंट्रोलरशी संपर्क तुटल्याचा एक, असे सात. नवशिक्या असता तर सात पार्टांची यादी करून मोकळा झाला असता. पण घरातल्या सगळ्या खोल्यांत एकदम अंधार झाला, तर कुणी सगळे बल्ब बदलत बसत नाही. आधी मेन स्विच बघतो. या सातांनाही वीज एकाच ठिकाणाहून येत होती, बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधून.

आधी त्याने किसनची गाण्याची वायर तपासली. ती आत लायटरच्या सॉकेटवरून घेतली होती, तिला स्वतःचा फ्यूज होता आणि तो शाबूत होता. टेप जरा वेडीवाकडी गुंडाळलेली, पण जोड पक्का. त्या बिचाऱ्या वायरीने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

मग त्याने कोडच्या आतली नोंद उघडली. कोड पहिल्यांदा कधी पडला, ते ही गाडी किलोमीटरसकट लिहून ठेवते. व्होल्टेजचा कोड पहिल्यांदा पडला होता एक्क्याऐंशी हजार चारशे पंधराला. आत्ता गाडीवर पंच्याऐंशी हजारांच्या वर होते. म्हणजे ही भानगड जुनी होती. पण दिवाळीच्या आधीची की नंतरची?

येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवायची ज्योतीरामला सवय होती. त्याने वही उघडली. ही गाडी त्याच्याकडे शेवटची आली होती खंडेनवमीला, हेडलाइटचा रिले, म्हणजे दिव्याला वीज सोडणारा स्विच, बदलायला. किलोमीटर एक्क्याऐंशी हजार चारशे बारा.

बारा आणि पंधरा. मध्ये तीनच किलोमीटर. म्हणजे याच दारातून निघाल्यावर तीन किलोमीटरवर बिघाड सुरू झाला होता, आणि दिवाळी तर त्यानंतरची.

त्याने बॉनेट उघडलं. फ्यूज बॉक्सचं झाकण एका बाजूने उचललेलं होतं, कडेची क्लिप बसलीच नव्हती. आत वीज नेणाऱ्या पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता आणि मोठ्या रिलेखाली काहीतरी चिकट वाळून बसलं होतं. त्याने बोट फिरवलं. बोटाला कुंकू लागलं.

खंडेनवमीला सगळेच हत्यारं पुजतात. कुणी पान्यांना हळदकुंकू वाहतं, कुणी गाडीला हार घालून चाकाशी नारळ फोडतं. ज्योतीरामची तऱ्हा वेगळी. 'देवाला पाणी काय उंबऱ्यावरून शिंपडतात?' असं म्हणून तो गॅरेजात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडायचा, इंजिनाला कुंकू लावायचा आणि नारळाचं पाणी थेट आत शिंपडायचा. गिऱ्हाइकं कौतुक करायची. लोकांना वायरीजवळ पाण्याचा थेंब येऊ देऊ नका म्हणून दटावणारा हा माणूस, पण नारळाचं पाणी हे पाणी आहे असं बारा वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ते त्याच्या लेखी तीर्थ होतं. त्या दिवशी फ्यूज बॉक्समधला रिले बदलून झाकण ठेवलं, तेवढ्यात पूजेची घाई झाली, क्लिप दाबायची राहिली, आणि अर्धा नारळ तीर्थ या डब्यात गेलं. त्याने पिना गंजत गेल्या आणि शनिवारी वीज तुटली.

त्या मुलीचं हाड आपण मोडलं, हे त्याला लख्ख कळलं.

मशीनवर 'कोड पुसा' असं बटन होतं. ते दाबलं की नोंद गेली. पिना ब्रशने घासल्या की हिरवं गेलं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. रोहिदास विचारील तेव्हा नुसतं गप्प बसायचं होतं, बाकीचं तोच बोलला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण चोराचं गॅरेज चालू राहिलं असतं. ज्योतीरामचा अंगठा बटनावर गेला आणि तिथेच राहिला. असा तो किती वेळ होता, हे पुढे त्याने कुणालाही सांगितलं नाही.

"दादा."

किसन गाडीजवळ येऊन उभा होता. डोळे सुजलेले.

"माझीच वायर होती न? सांगा की. तीन दिस झालं, घास गिळंना. बायको मनायली, मशीन लावल्याबिगर कसं कळंल. मला ठावं हाय दादा. मी हात लावायला नको होता."

बटनावरून अंगठा निघाला. आपली चूक दुसरा माणूस रडत रडत स्वतःच्या पदरात घेतोय, हे बघणं ज्योतीरामला सोसवलं नाही. त्याने किसनचं मनगट धरून त्याला बॉनेटपाशी नेलं.

"तुझी वायर चांगली हाय. हे बघ. हे कुंकू कुणाचं? माझं. नारळ मीच फोडलो, झाकण मीच उघडं ठेवलो. तुझं काहीच नाही यात, किसन. काहीच नाही."

किसन त्या फ्यूज बॉक्सकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उजळेल असं ज्योतीरामला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

रोहिदास टपरीवरून परत आला. ज्योतीरामने त्यालाही सगळं सांगितलं, किलोमीटर दाखवले, वही दाखवली. रोहिदासने इकडेतिकडे बघून आवाज खाली केला.

"आरं, डोकं फिरलं का तुझं? हात दाखवून अवलक्षण कशाला? हा मला महिन्यामागं म्हणला व्हता, मीटरमधी बिघाडाची लाइट लागती म्हणून. मीच म्हणलं, लाइटीनं गाडी थांबत न्हाई, पळीव. आता हे लिहून दिलं तर तू बी जाशील आन मीबी. पूस ते. वायर म्हण. ह्याला आमी दुसरीकडं चिकटवू कुठंतरी."

हे सगळं किसनच्या देखत.

"नोंद पुसायची नाही," ज्योतीराम म्हणाला. त्याने मोबाईल काढून स्क्रीनचा फोटो घेतला, वहीच्या पानाचा घेतला आणि दोन्ही किसनच्या फोनवर पाठवले. रोहिदास तोंडातल्या तोंडात शिवी देऊन निघून गेला. उद्यापासून त्याची एकही गाडी या दारात येणार नव्हती, आणि त्याच्या ओळखीतल्यांच्याही नाही. हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

किसनने फोन खिशात घातला. "चला," तो म्हणाला.

"कुठं?"

"दवाखान्यात."

"मी लिहून देतो कंपनीला, पोलिसालाही..."

"ते द्याच. पण आधी चला." किसनचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "काल मी योगिनीताईच्या पाया पडून आलो, दादा. मनलो, माझ्याच हातानं झालंय. तिची माय लई बोलली मला. लई. आन ताई मनली, असू दे किसनदादा, तुम्ही मुद्दाम केलं का? माफ केलं तिनं. मी बाहेर येऊन ढसाढसा रडलो."

ज्योतीरामने बॉनेट बंद केलं.

"ती माफी माझी न्हवती," किसन म्हणाला. "ती तिला परत द्यावी लागंल. मंग तुम्हाला द्यायची का न्हाई, तिचं ती बघंल."

ज्योतीरामने भर सकाळी शटर ओढलं आणि किसनच्या मोटरसायकलवर मागे बसला.