हिरव्या तीर्थाचा गारवा

चितेगावाबाहेरच्या लिंबाखाली सकाळपासून दीडशे माणूस रांगेत होतं. त्रिंबक महाराज तळहातावर हिरव्या तीर्थाचे थेंब सोडत आणि हात गारेगार पडे. "तळ्यातल्या आईनं शेवाळाचं रूप घेतलंय. ताप ती वढून घेती," महाराज डोळे मिटून सांगत. दोन वर्षांपूर्वी हेच महाराज कारखान्यातलं भंगार टेम्पोतून वाहत होते, याचा सगळ्यांना सोयीस्कर विसर पडला होता.

सत्यभामाला पडला नव्हता. ती त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथं शेवाळातून खाण्याच्या पदार्थांत घालायचा हिरवा अर्क काढत. त्यासाठी हेक्झेन नावाचा पेट्रोलसारखा द्रव वापरत आणि मग तापवून तो उडवून लावत. ठरल्यापेक्षा जास्त हेक्झेन अर्कात उरलं, तर तो माल कुणाच्या पोटात जाता कामा नये, असा नियम होता. अशा पिंपावर सत्यभामा लाल चिठ्ठी चिकटवी. गेल्याच आठवड्यात तसं एक पिंप नष्ट करायला म्हणून फाटकाबाहेर गेलं होतं. आता लिंबाखालच्या गर्दीत उभ्या असलेल्या तिला उदाच्या धुरातूनही हेक्झेनचा तो वास ओळखू आला.

रांगेत पुढं धनगरवाड्यातली सखूबाई तापानं फणफणलेली तीन वर्षांची बाना घेऊन बसली होती. शेजारी नवरा मल्हारी उभा होता. महाराजांनी पोरीच्या झबल्यावर तांब्याभर तीर्थ ओतलं. "आता ओवाळतो. मग दोन चमचे पाजा," म्हणत त्यांनी ताटात कापूर पेटवला.

सत्यभामा गर्दीतून पुढं सरकली. कारखान्याच्या फाटकावर कामगारांची काडेपेटीसुद्धा काढून घेत, आणि इथं भिजलेल्या लेकरासमोर विस्तव. पण ती बौद्धवाड्यातली. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल झाली त्याला दहा वर्षं उलटली, तरी दोन्ही वाड्यांत धड बोलणं नव्हतं. देवाच्या कामात हात घातला तर काय होईल, हे तिला ठाऊक होतं. क्षणभर ती थांबली, आणि थांबल्याची तिला लाज वाटली. मल्हारीच्या खांद्यावरचं घोंगडं ओढून तिनं पेटत्या ताटावर टाकलं.

"ही नामांतरवाली देवात कशाला कडमडती?" रांगेतून कुणीतरी ओरडलं. मल्हारीनं काठी उगारली.

"मारायचं तर मारा दादा. पण आधी पोरीचं झबलं काढा, सखूबाई. अंग पुसा, तिला लांब न्या."

सखूबाईनं झबलं काढलं, पदरानं पोरीचं अंग पुसलं आणि तिला बाजूला नेलं.

सत्यभामानं वाटीभर तीर्थ मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं. मग मल्हारीकडं त्याचीच काठी मागितली, त्यानं घुटमळत दिली तशी तिला चिंधी बांधून पेटवली आणि लांबूनच वाटीकडं नेली. चिंधी वाटीपासून वीतभर दूर असतानाच भप्पकन जाळ झाला. माणसं मागं सरली.

"याची वाफ दिसत नाय, पण विस्तव धरती. अन् गारवा म्हणाल, तर हे उडताना हाताची ऊब घेऊन जातं. कातडी गार, ताप हाय तिथंच. पोरीच्या काखेत हात घालून बघा, सखूबाई."

सखूबाईनं हात घातला. "भाजतंय गं माय," ती म्हणाली आणि महाराजांकडं वळली. "अन् हे तुम्ही पाजणार व्हता?"

"आईचा कोप व्हईल," महाराज पुटपुटले.

"आईचा परसाद हाय ना, मग दोन चमचे तुम्ही घ्या," सखूबाईनं तीर्थाचा चमचा भरून पुढं केला. महाराजांनी तो हातात घेतला नाही.

मल्हारीनं महाराजांमागचा पडदा बाजूला केला. तिथं पिंप होतं, आणि त्यावर अर्धवट खरवडलेली लाल चिठ्ठी.

"काय लिवलंय?" त्यानं विचारलं.

"खाण्यास मनाई. अक्षर माझंच हाय. हे फाटकातून कसं सुटलं, ते आजच सरकारी निरीक्षकाला कळवते."

मल्हारीनं भोक पडलेलं घोंगडं उचललं आणि उघड्या पोरीला गुंडाळायला बायकोकडं दिलं. सखूबाईनं चार पावलं टाकली आणि मागं वळली. "तुम्हीबी चला बाई घाटीच्या सरकारी दवाखान्यात. पोरीला काय लावलं, हे डागदरला कोण सांगंल?"

एसटीत बसायला जागा एकच मिळाली; सखूबाईनं ती सत्यभामाला दिली आणि बानाला तिच्या मांडीवर ठेवलं.

लाल चिठ्ठीत मंत्र नसतो, तिला कुणी नमस्कार करत नाही. पण कुणीतरी मोजून, तपासून ती लावलेली असते. तेव्हा तुमच्या लेकराच्या तोंडाशी कुणी चमचा नेला, तर आत काय आहे ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याचा चमच्याचा हात धरून ठेवा.