ओळख न देणारा डबा

"मनुष्यजातीचा सारा इतिहास म्हणजे दोन परक्या घरांची ओळख करून देण्याचा इतिहास आहे, आकारामराव!"

गंगाधरपंतांनी हे विधान टेबलाखालून केले. समोर बसलेल्या आकारामरावांना त्यांची फक्त पाठ दिसत होती. वर टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला बॅकअपचा निळा डबा शेजारी शेजारी बसून एकमेकांना ओळखायला तयार नव्हते.

पंत धूळ झटकत बाहेर आले. "वायर घट्ट आहे. तरी हा म्हणतो, ड्राइव्ह सापडत नाही. अरे, मांडीला मांडी लावून बसलाय!"

"आमच्या धाकट्या भावागत दिसतंय," आकारामराव म्हणाले. "बंगला बांधल्यापासनं कोरेगावच्या बाजारात समोरनं गेलो तरी भिंतीकडं बघतोय."

पंतांची सारी नोकरी कोयनानगरला, वीज प्रकल्पाच्या कचेरीत झाली. निवृत्तीनंतर त्यांनी सांगलीत, विश्रामबागेत वधूवर सूचक केंद्र काढले. स्वतः बिनलग्नाचे असल्यामुळे सल्ला निःपक्षपाती मिळे. कॉम्प्युटर आला त्या उत्साहात त्यांनी सगळे कागदी फॉर्म रद्दीत घातले. आणि गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. नवी बसली, निळ्या डब्यासोबत आलेली फ्लॉपीही पुन्हा घालून झाली. पण केंद्राची सगळी स्थळे आता फक्त त्या डब्यात होती.

त्यातच आकारामरावांच्या लेकीसाठी, अंजनासाठी पाहिलेले स्थळ होते. अंजना साताऱ्याच्या दवाखान्यात नर्स. रात्रपाळी म्हटले की पाहुणे पोहे संपवून उठत. मागच्या खेपेला तिने याच पडद्यावर एका मुलाचा फॉर्म वाचला होता. 'अपेक्षा' या रकान्यात बाकीचे 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' लिहीत. याने लिहिले होते, 'रात्रपाळी असली तरी चालेल. सकाळचा चहा मी करतो.' अंजना तेव्हा काही बोलली नाही. काल बोलली.

"पोरगी पयल्यांदा व्हय म्हनली," आकारामराव म्हणाले, "आन तुमचा डबा न्हाई म्हनतोय!"

"मुलाचं नाव, गाव काही आठवतंय?"

"च्या तेवढा आठवतोय."

पंतांना तर तोही आठवत नव्हता. त्यांनी वायर काढली, फुंकली, पुन्हा लावली. कॉम्प्युटर सुरू केला, तो पुरता उठेपर्यंत थांबले आणि मगच डब्याचे बटण दाबले. कोयनेत हयात गेलेला माणूस. लागत नाही ते बटण बंद. कॉम्प्युटर उठायच्या आधी डब्याला वीज देणे म्हणजे त्यांना धरणाचे पाणी गटारात सोडल्यासारखे वाटे.

ड्राइव्ह सापडत नाही.

"पंत, माज्या पोरीचं नशीबच..." आकारामराव म्हणत होते, तोच वीज गेली.

दोघे घाम पुसत बसले. आकारामरावांसारखा, सुभेदार म्हणून फौजेतून निवृत्त झालेला माणूस टोपी मांडीवर ठेवून नुसता भिंतीकडे बघत होता, आणि हे बघून पंत इतके कासावीस झाले की जन्मात पहिल्यांदाच बटणे बंद करायची विसरले.

वीज आली. कॉम्प्युटर आणि डबा एकदमच जागे झाले. आणि पडद्यावर ड्राइव्ह हजर!

"अरे देवा," पंत म्हणाले. "हा कॉम्प्युटर उठल्या उठल्या एकदाच आजूबाजूला बघतो. तेव्हा जागा असेल तो आपला. आणि मी दर वेळी डब्याला झोपवून ठेवत होतो!"

त्यांनी हात जोडले. वीज गेली म्हणून हात जोडणारा माणूस सांगलीत त्या दिवशी एकच होता.

जयराज. तालुका तासगाव. पत्ता, फोन आणि चहा, सगळे जागच्या जागी.

आकारामरावांनी टोपीनेच डोळे पुसले. "पंत, लय उपकार झालं. मांडवात पयला फेटा तुमाला. पुढच्या खुर्चीत बसायचं."

केंद्रात लग्न जमलेली जोडपी पंतांना रस्त्यात पाहून पलीकडच्या अंगाला जात. केंद्रातून जमले हे चारचौघांत सांगायचे कसे? लग्नाचे बोलावणे त्यांना पहिल्यांदाच येत होते.

"येईन," ते म्हणाले. "नक्की येईन."

आकारामराव दारापर्यंत गेले आणि घुटमळले. "येक इनंती हाय, पंत. मांडवात कुनी इचारलं तर केंद्राचं काडू नगा. आमचं लांबचं पावनं हाय, आसं सांगतो म्या. चालंल न्हवं?"

पंतांनी सवयीने कॉम्प्युटर बंद केला, मग डब्याचे बटणही.

"चालेल," ते म्हणाले. "फक्त लांबचं नको. जरा जवळचं सांगा."